कार्ल्याच्या चैत्यगृहात एचडीआर: ब्रॅकेट कुठून सुरू करायचा?

भटका_क्लिक
कॅनन १५००डी, १८-५५ किट लेन्स. एचडीआर करायचंय, म्हणजे कमी-जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम (ब्रॅकेट) घेऊन एकत्र जोडायच्या. स्तूपाकडून दाराकडे बघणारी फ्रेम हवी आहे: दोन्हीकडचे खांब, वरच्या लाकडी कमानी, समोर पिंपळपानी गवाक्ष. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत (शटर कॅमेराच ठरवतो) ±२ स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फ्रेम घेऊनही गवाक्ष पांढरंफटक आणि खांबांमागची जागा डांबरासारखी. फ्रेम वाढवू की सेटिंग चुकतंय?

स्टॉपमोजणी
दोन्ही. फ्रेममध्ये काळोख जास्त, म्हणून कॅमेरा मधली फ्रेम उजळ धरतो आणि अख्खा ब्रॅकेट वर सरकतो. मॅन्युअलवर या. एफ/८, आयएसओ १००, ऑटो आयएसओ बंद, रॉ.

या बॉडीत स्पॉट मीटरिंग (एका बिंदूपुरती उजेडमोजणी) नाही, पार्शल (फ्रेमच्या मधल्या भागापुरती) वापरा. ५५ मिमीवर झूम करून आधी गवाक्षाबाहेरचा उजेड मोजा, मग खांबांमागचा काळोख. समजा १/५०० आणि १ सेकंद आले, तर फरक नऊ स्टॉपचा. पण मीटर काळोखालाही करडा करून मागतो. तो काळोखच दिसायला हवा, त्यामुळे १/२ सेकंद पुरे. म्हणजे १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२.

१५००डी एका वेळी तीनच फ्रेम देतो, म्हणून दोन फेऱ्या: एक १/१२५ मध्ये धरून, दुसरी १/८ मध्ये धरून. १/३० दोनदा येईल, एक टाकून द्या. दोन सेकंदांचा टायमर लावलात की तिन्ही फ्रेम सलग पडतात. कॅमेरा बंद केला तर ब्रॅकेट रद्द होतो, हे लक्षात ठेवा.

१८ मिमीवर परत आल्यावर साधारण अडीच मीटरवर फोकस करा आणि लेन्सवरचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकस) टाका. नाहीतर अंधारात प्रत्येक फेरीला फोकस शोधत बसेल.

खांबाला_टेकून
गणित बरोबर, पण तिथे ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. हातात १/२ सेकंद जमणार नाही. आयएसओ ८०० करा: १/४०००, १/१०००, १/२५०, १/६०, १/१५. मधली फ्रेम पहिल्या फेरीत १/१०००, दुसऱ्या फेरीत १/६०. आयएसओ याहून वर नेता येत नाही, १/४००० ही या बॉडीच्या शटरची हद्द आहे. टायमरऐवजी कंटिन्युअस (सलग फ्रेम), आयएस (लेन्सचं हादरे सावरणं) चालू, कोपरं छातीशी. नॉइजची फार काळजी नको. सावल्या १/१५ च्या फ्रेममधून येतात, अंधाऱ्या फ्रेममधून ओढून काढाव्या लागत नाहीत. कडेला जागा सोडा, जुळवताना थोडं कापलं जातं.

भटका_क्लिक
आणि लोक फिरत असतील तर? जोडताना डीघोस्ट (हललेल्या माणसांच्या पुसट प्रतिमा काढणं) हायवर ठेवतो.

स्टॉपमोजणी
लो वर ठेवा. हायवर त्या भागात एकाच फ्रेमचे पिक्सेल घेतले जातात आणि तिथेच नॉइजचा ठिगळ दिसतो. जोडण्याआधी हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) बघा: सर्वांत अंधाऱ्या फ्रेममध्ये उजवी भिंत मोकळी हवी, सर्वांत उजळ फ्रेममध्ये डावी. गवाक्षाभोवती उजळ कड दिसली तर एडिटिंगमधली क्लॅरिटी कमी करा, एक्स्पोजरला हात लावू नका.