गाडीचे बाहेरचे सगळे बल्ब एलईडी केले. हॅलोजनवाल्यांनो, आता बोला

निशाचर:
बरेच दिवस मनात होतं, अखेर उरकून टाकलं. हेडलाइट, पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स, नंबर प्लेट... गाडीच्या बाहेर आता तारेचा एकही बल्ब उरलेला नाही. मिस्त्रीची गरज पडली नाही, दोन संध्याकाळी पुरल्या. रात्री पहिल्यांदा लाइट लावले तेव्हा वाटलं, इतकी वर्षं आपण कंदील घेऊनच फिरत होतो.

माझं मत सरळ आहे. तार तापवून उजेड काढायचा हा प्रकार आता पुरे झाला. एकेक हेडलाइट ५५ वॅट खाणार आणि त्यातलं बहुतेक सगळं उष्णतेत घालवणार. लेक्ससने एलएस ६००एच गाडीला एलईडीचा लो बीम (समोरच्याला न दिपवणारा खालचा झोत) दिला तो २००७ साली. नव्या गाड्या आता कारखान्यातूनच एलईडी घेऊन येतात, मग जुन्या गाडीवाल्यांनीच का मागे राहायचं? 'समोरच्याला त्रास होतो' हे वाक्य मी दहा जणांकडून ऐकलं. त्यातल्या एकानेही स्वतः बल्ब बदलून पाहिलेला नव्हता. विरोध असेल तर कारण सांगा, नुसतं नाक मुरडू नका.

समोरून_येणारा:
अकरावा मी. मला बदलून पाहायची गरज नाही, मी तुमच्या समोरून येतो.
अशी गाडी आली की मी डिपर देतो. तोही उलट अपर (वरचा झोत) मारून दाखवतो, म्हणजे 'माझा लो बीमच आहे रे बाबा'. त्याचं खरं असतं, लो बीमच असतो. तरी पुढचे दोन-तीन सेकंद मला रस्त्याची कड दिसत नाही. ताशी ६० च्या वेगाला सेकंदाला साधारण १७ मीटर. तीन सेकंदांत पन्नास मीटर मी अंदाजाने चालवतो, आणि त्या पन्नास मीटरांत कोणी सायकलवाला असेल तर त्याचं नशीब.

निशाचर:
हे कारखान्यातून एलईडी लावून आलेल्या गाड्यांबद्दलही लोक म्हणतात. मग त्या पण बंद करायच्या का?

रिफ्लेक्टर:
धागाकर्ते, तुमच्या पहिल्या प्रतिसादातच घोळ आहे. लेक्ससने एलईडी 'बल्ब' लावला नव्हता. एलईडी आणि त्याच्यापुढची भिंगं, दोन्ही एकमेकांसाठी घडवली होती. तुम्ही दुसऱ्यासाठी शिवलेल्या अंगरख्यात तिसऱ्याला घातलं आहे.

जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख इथेच आहे. हेडलाइटचा रिफ्लेक्टर म्हणजे नुसती चकचकीत वाटी नव्हे. एच७ या एकतारी हेडलाइट बल्बमधली तार पाचेक मिलिमीटर लांब. ती नेमकी कुठे असेल हे धरूनच वाटीचा प्रत्येक वक्र काढलेला असतो. उजेडाचा उगम एखाद मिलिमीटर हलला तरी झोत भलतीकडे जातो. एच४ मध्ये, म्हणजे वरच्या आणि खालच्या झोताच्या दोन तारा असलेल्या बल्बात, तर लो बीमच्या तारेखाली एक चिमुकली धातूची पन्हळ असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून वाटीचा वरचा अर्धाच भाग वापरला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर अंधार राहतो. आता तुमचा एलईडी पाहा. मधे एक पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना चिप. तार सगळ्या बाजूंनी उजळते, चिप दोनच बाजूंना. दोन चिपांच्या मधे पट्टीची जाडी आहे, म्हणजे उगम एका जागी नाही, दोन जागी. वाटी बिचारी आपलं काम चोख करते, दोन्ही जागांचा उजेड इमानदारीने रस्त्यावर नेऊन टाकते. मग थोडा झाडावर, थोडा समोरच्याच्या डोळ्यांत आणि बराचसा तुमच्या बंपरपुढे.

त्या शेवटच्या वाट्यामुळेच तुम्हाला 'कंदील गेला' असं वाटतंय. गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख झाले की बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. समाधान मात्र वाढतं.

निशाचर:
म्हणजे मला जास्त दिसतंय हा माझा भ्रम? उंटावरून शेळ्या हाकणं सोडा हो. डब्यावर २०,००० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) लिहिलंय, हॅलोजनचे १५००. ल्युमेन तर मोजता येतात ना?

तारतंत्री:
ल्युमेन नंतर मोजा, आधी अँपिअर मोजा. वायरमध्ये मीटर लावा. अडीच अँपिअरच्या आसपास आकडा आला, तर १२ व्होल्टला झाले ३० वॅट. एका वॅटला शंभर ल्युमेन धरले (हे मी उदारपणे धरतोय) तरी तीन हजार. वीस हजार काढायचे तर दोनशे वॅट लागतील, आणि ते त्या होल्डरातून न्यायचे म्हटलं तर आधी होल्डर वितळेल. डब्यावरचा आकडा छापायला फक्त शाई लागते.

आणि हे तीन हजार पण थंड असताना. हॅलोजन आपली उष्णता पुढे, उजेडाबरोबर फेकतो. एलईडीची उष्णता मागे बुडाशी साठते, म्हणून तर तिथे पंखा असतो. बंद हेडलाइटच्या आत, इंजिनाच्या शेजारी तो पंखा कोणती थंड हवा ओढणार? वीस-पंचवीस मिनिटांनी आतलं सर्किट स्वतःच करंट उतरवतं. बसवल्या बसवल्या पाहिलेला उजेड आणि तासाभराच्या प्रवासानंतरचा उजेड, दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघा.

बाय द वे, मागचं रबरी झाकण नीट बसलं का? की पंख्यासाठी भोक पाडलंत?

निशाचर:
झाकणाला भोक पाडलं. पुढे?

तारतंत्री:
पुढे पावसाळा.

प्रोजेक्टरवाला:
इथे फारच एकतर्फी चाललंय म्हणून लिहितो. माझ्या गाडीत प्रोजेक्टर (पुढे भिंग असलेला हेडलाइट) आहे, त्यात एच७ च्या जागी दोन वर्षांपासून एलईडी आहे. प्रोजेक्टरमध्ये आतच लोखंडी पडदा असतो, त्यामुळे झोताची वरची रेघ सुरीने कापल्यासारखी राहते. समोरून एकदाही कोणी डिपर दिलेला नाही. चिपा बरोबर आडव्या, घड्याळाच्या तीन आणि नऊच्या दिशेला येतील अशी कॉलर फिरवून घ्यावी लागते, एवढंच.
आणि सगळेच एलईडी भंगार असतात हेही खरं नाही. जर्मनीत २०२० साली ऑस्रामच्या एच७ एलईडीला रस्त्यावर वापरायची रीतसर परवानगी मिळाली. बल्ब नीट घडवला तर जमतं.

रिफ्लेक्टर:
त्या परवानगीतलं पुढचं वाक्य गाळलंत. ती ठरावीक मॉडेलांच्या ठरावीक हेडलाइटपुरती होती, यादीसकट. म्हणजे बल्ब आणि वाटी यांची जोडी तपासल्याशिवाय नाही, जे मी वर लिहिलं तेच. प्रोजेक्टरचं अर्धं मान्य. रेघ शाबूत राहते, पण रेघेखालचा सगळ्यात तेजस्वी ठिपका, जो लांबवर पोचतो, तो बऱ्याचदा पसरट होतो. समोरच्याला त्रास नाही, तोटा तुमचा.

साठीनंतर:
मी तांत्रिक माणूस नाही. एवढंच सांगतो की पांढऱ्या-निळसर उजेडाचा मला पिवळ्यापेक्षा जास्त त्रास होतो. डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग धुरकट होतं, त्यात उजेड विखुरतो. तरुणपणी मीही म्हणायचो की जेवढं पांढरं तेवढं चांगलं. आणि धुक्यात पिवळाच उजेड लांब जातो, कारण निळा जास्त विखुरतो. म्हणून तरी फॉग लॅम्पला हात लावू नका.

चिकित्सक:
काका, पहिलं पटलं. दुसऱ्याला दुरुस्ती सुचवतो. निळा जास्त विखुरतो हे आकाशासाठी खरं, कारण हवेचे रेणू उजेडाच्या तरंगांपेक्षा फारच लहान. धुक्याचे थेंब कित्येक मायक्रॉनचे, तरंगांहून मोठे. ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच विखुरतात. पिवळा डोळ्याला कमी खुपतो, एवढाच काय तो फायदा. धुक्यात कामाची गोष्ट म्हणजे दिवा खाली बसवलेला आणि झोत चपटा असणं. वर उडालेला उजेड पांढऱ्या भिंतीसारखा परत येतो, मग तो कुठल्याही रंगाचा असो.

निशाचर:
बरं, हेडलाइटवर तुम्ही सगळे तुटून पडलात. मागच्या लाइटचं काय? तारेला तापायला वेळ लागतो, एलईडी तत्क्षणी पेटतो. ब्रेक लाइटमध्ये हा फरक साधारण ०.२ सेकंदाचा आहे. ताशी १०० ला मागच्याला साडेपाच मीटर जास्त मिळतात. एका अख्ख्या गाडीहून जास्त. हे तरी मान्य?

तारतंत्री:
मान्य, बिनशर्त. मीही ब्रेक लाइट बदललेत. पण तुम्ही लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला असणार, पैज लावतो. पांढरा एलईडी मुळात निळी चिप असते, वर पिवळसर लेप. त्यात लाल कमी. लाल काच बाकीचं सगळं गाळून टाकते आणि उरतो मंद गुलाबी उजेड. लाल काचेमागे लाल एलईडी, नारिंगी काचेमागे नारिंगी.

दुसरं, ब्रेक आणि टेल (मागचा नेहमी पेटता दिवा) एकाच बल्बात असेल तर जुन्यात २१ आणि ५ वॅटच्या दोन वेगळ्या तारा असतात. ब्रेक दाबला की उजेड दहापटीहून जास्त वाढतो, तोच इशारा. स्वस्तातल्या एलईडीत टेलच इतका झगझगीत असतो की ब्रेक दाबलेला कळत नाही. ०.२ सेकंद कमावलेत आणि इशाराच घालवलात. रात्री कोणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगा आणि पंचवीस पावलं मागे जाऊन पाहा.

इंडिकेटर किती वेगाने फडफडतो?

निशाचर:
फडफडत होता. सोबत आलेले रेझिस्टर लावले, आता ठीक.

तारतंत्री:
वाटलंच. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर टिकटिकवणारा भाग, करंट मोजतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घ्यायचा, एलईडी घेतो त्याचा एक लहानसा हिस्सा, म्हणून त्याला वाटतं बल्ब उडाला आणि तो घाईघाईने टिकटिकतो. ६ ओहमचा रेझिस्टर लावला की तो पंचवीस-तीस वॅटची उष्णता काढतो. म्हणजे वीज वाचवायला एलईडी आणि ती उधळायला शेजारी शेगडी! ते रेझिस्टर कशावर बसवलेत? प्लॅस्टिकवर किंवा वायरीच्या जुडग्याला टेप मारून बांधले असतील तर आजच काढा. पत्र्यावर, स्क्रूने. नाहीतर सरळ एलईडीचा फ्लॅशर रिले घ्या, रेझिस्टरची भानगडच नको. काही गाड्यांत फ्लॅशर संगणकातच असतो, तिथे मात्र दुसरा इलाज नाही.

निशाचर:
टेपच मारली होती. काढतो.

समोरून_येणारा:
एवढं होऊनही हेडलाइटबद्दल अक्षर नाही.

निशाचर:
काय बोलू? जुन्या हॅलोजनवर मला खरंच दिसत नव्हतं. ते सुख मी परत का सोडू, हे सांगा. तुमच्या डोळ्यांसाठी मी आंधळा होऊ?

तारतंत्री:
हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आजवर कोणी नीट दिलेलं नाही. जुन्या बल्बाने का दिसत नव्हतं हे तपासलंत? हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. बल्बाचे १५०० ल्युमेन मोजतात १३.२ व्होल्टवर. जुन्या गाडीत बारीक वायर, गंजलेलं अर्थिंग आणि झिजलेला स्विच मिळून एक-दीड व्होल्ट सहज खातात. इंजिन चालू, लाइट चालू, आणि मीटर थेट बल्बाच्या पिनांवर लावा. काच पिवळी पडली असेल तर तिचा हिशेब वेगळा.

आणि रात्री भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. झोताची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा सुमारे दहा सेंटीमीटर खाली हवी. आधी एलईडी, मग हॅलोजन. दोन्हींचे फोटो काढा, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर तेच ठेवून.

निशाचर:
(तीन दिवसांनी)
केलं. एलईडीला कडच नाही. भिंतीवर कुंचला झटकल्यासारखा उजेड आहे, आणि माझ्या खांद्याच्या उंचीवर दोन झगझगीत पट्टे. फोटो टाकत नाही, समोरून_येणारा यांना मजा येईल.
हॅलोजन लावून पिनांवर ११.९ व्होल्ट आले.

तारतंत्री:
म्हणजे उजेड सत्तर टक्क्यांवर होता. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज, दोन रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच). जुना स्विच फक्त रिलेला इशारा देईल.

निशाचर:
काल केलं. आता १३.१. काच आधी ८०० च्या, मग २००० च्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून वर यूव्हीचा लेप दिला. लो बीमला हॅलोजन परत आलाय. एलईडीइतका पांढरा नाही, पण वळणावरचा मैलाचा दगड आधी दिसतो, हे कबूल.
ब्रेक, नंबर प्लेट आणि रिव्हर्स मात्र एलईडीच राहणार. त्यावर कोणाचं ऐकणार नाही.

प्रोजेक्टरवाला:
आणि मी हेडलाइटलाही ठेवणार. भिंतीसमोर मीही उभा राहिलो होतो, माझी रेघ सरळ आहे.

समोरून_येणारा:
भिंतीसमोर गाडी रिकामी होती ना? मागे तीन माणसं आणि डिकीत सामान टाकून परत उभी करा. नाक वर होईल, रेघही वर जाईल.

प्रोजेक्टरवाला:
ते हॅलोजनलाही लागू आहे! त्यासाठी डॅशबोर्डवर झोत खाली घ्यायची ० ते ३ आकड्यांची चकती असते.

समोरून_येणारा:
शेवटची कधी फिरवली होतीत?