‘गॉथम’मधला प्रोफेसर पिग: किळस आली, पण भीती का वाटली नाही?

निळी शाई (धागाकर्ती):
काल रात्री ‘गॉथम’च्या, म्हणजे बॅटमॅनच्या शहरावरच्या इंग्रजी मालिकेच्या, चौथ्या सीझनचा सहावा भाग पाहिला, ‘हॉग डे आफ्टरनून’, २०१७ चा. लाचखोर पोलिसांचे मुडदे सापडतात आणि त्यांच्या डोक्यावर डुकराचं कापलेलं मुंडकं चढवलेलं असतं. हे काम प्रोफेसर पिग नावाच्या खुन्याचं. एकदा तर मी मान फिरवली. किळस भरपूर आली, भीती मात्र वाटली नाही. तेच मला खटकतंय.

कारण हा पिग मी आधी कॉमिकमध्ये वाचलाय. ग्रँट मॉरिसननं लिहिलेलं, फ्रँक क्वाइटलीनं काढलेलं २००९ चं ‘बॅटमॅन अँड रॉबिन’. तिथे तो धरून आणलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर बाहुलीचा मुखवटा कायमचा चिकटवतो आणि त्यांना ‘परिपूर्ण’ करतो. हे त्याचे डॉलोट्रॉन. सगळे एकसारखे, गुळगुळीत. त्यात साशा नावाची मुलगी आहे. तिच्यावर मुखवटा चढतो, पण आतली साशा शाबूत राहते. आपण कोण हे तिला पक्कं ठाऊक आहे, फक्त चेहरा तिचा राहिलेला नाही. तिथवर वाचलं, पुस्तक मिटलं आणि नकळत स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

मालिकेनं त्याला कारण देऊन टाकलंय: भ्रष्ट पोलिसांना शिक्षा. कारण कळलं की माणूस आवाक्यात येतो. तुम्हाला काय वाटतं? पुढचं कृपया फोडू नका.

पानभर:
नाही पटलं. मला तर त्या कारणाचीच भीती वाटली. या सीझनमध्ये पेंग्विन हा गुंडांचा म्होरक्या गुन्हे करायचे परवाने वाटतोय आणि पोलीस पाकिटं घेऊन गप्प आहेत. गॉर्डनचा पोलिसातला जुना साथीदार बुलकसुद्धा. गॉर्डन हा मालिकेचा नायक, सरळ पोलीस अधिकारी. त्याला याची चीड आहे, आणि पिगलाही. दोघांचा राग एकाच गोष्टीवर! गॉर्डन त्याच्या मागावर असताना मला सारखं वाटत होतं की याला मनातून पिगचं थोडं पटतंय की काय. शिवाय ही पोलीस तपासाची मालिका आहे. मेलेल्यांमध्ये काहीतरी समान सापडलं तरच तपास पुढे सरकतो. कॉमिकमधला पिग कोणालाही उचलतो, त्याच्यावर तपासाची गोष्ट उभी राहणं कठीण.

मध्यरात्र:
नावाकडे बघा. पिग म्हणजे पिग्मॅलियन. स्वतः घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडलेला ग्रीक दंतकथेतला शिल्पकार, आणि त्यावरून बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातला प्रोफेसर. आपल्याकडे पुलंनी त्याचीच ‘ती फुलराणी’ केली. जिवंत माणसाला आपल्या साच्यात ओतायची हौस या नावातच आहे. अमेरिकेत पोलिसांना शिवी म्हणून ‘पिग’ म्हणतात. मालिकेनं या भागात ती शिवी तेवढी उचलली आणि पिग्मॅलियन बाजूला ठेवला. तुमची भीती त्या बाजूला ठेवलेल्या भागात होती.

काळी मांजर:
पिगचं काम करणाऱ्या मायकेल सर्व्हेरिसबद्दल कोणी बोललंच नाही! मुळात रंगभूमीचा नट, टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा पुरस्कार मिळवलेला. २००५ मध्ये ब्रॉडवेवर त्यानं ‘स्वीनी टॉड’ केला होता, गिऱ्हाइकांचे गळे कापणारा न्हावी, आणि त्या माणसांचं मांस भरलेले ‘पाय’ (pie, कचोरीसारखा भाजलेला पदार्थ) विकणारी त्याची साथीदार. हे लक्षात ठेवा आणि नवव्या भागापर्यंत या. एवढंच सांगते. हो, तो भाग जेवताना लावू नका. आणि मुखवट्याआडून तो आवाजावर किती काम करतो ते ऐका, मी काही प्रसंग नुसते कानांसाठी परत लावलेत.

निळी शाई (धागाकर्ती):
मध्यरात्र, ‘फुलराणी’ माझ्या डोक्यातच आली नव्हती. मंजुळेला प्रोफेसर नवी भाषा देतो, पैज जिंकतो, आणि मग तिच्यापुढे प्रश्न उरतो की आता जायचं कुठे. जुन्या जागी ती बसत नाही आणि नवी जागा तिची नाही. साशाचं नेमकं हेच होतं. मला वाटतं मी गालावरून हात फिरवला तो यासाठीच.

पानभर, बुलकच्या बाबतीत तुमचं पटलं. त्याच्या पाकिटांचं गॉर्डनपुढे येतं तेव्हा मला डुकराच्या मुंडक्यांपेक्षा जास्त त्रास झाला होता, हे आता आठवतंय. पिगच्या बाबतीत अजून नाही पटलं. आज सातवा भाग लावतेय. नववा झाला की इथेच लिहीन.