मदत हवी आहे: मॉडेल मालगाडी दर फेरीला एकाच जागी तुटते

लष्करवाला
गणपतीला चार दिवस राहिलेत. आराशीत गाडी डोंगरावरून उतरून बाप्पासमोरून जायची आहे. बारा डबे. दर फेरीला तिथेच तुटते: इंजिन आणि तीन डबे पुढे, बाकीचे मागे. डबे जोडणारी कपलिंग नवीन आहेत, रूळ तीनदा पुसले. लवकर सांगा.

रूळवेडा
स्केल कुठलं? कपलिंग कुठलं? एवढ्यावरून काय सांगणार?

लष्करवाला
एचओ, म्हणजे १:८७. केडी कंपनीचं ५ नंबर. आता सांगा.

निवृत्त_गार्ड
खऱ्या गाडीचं आधी समजून घे, बाळा. जुन्या आयसीएफ प्रवासी डब्यांना स्क्रू कपलिंग आणि दोन्ही बाजूंना बफर. मालडब्यांना सीबीसी, म्हणजे मधोमध एकच कपलर, त्याला वाकवलेल्या बोटांसारखं उघडमिट होणारं नकल. हे अमेरिकी संशोधक जॅनीचं पेटंट १८७३ चं. त्याआधी अमेरिकेत कडी-खुंटी जोडताना कामगारांची बोटं जात. सीबीसीत नकल मिटलं की कुलूप पडतं, हँडल उचलल्याशिवाय सुटत नाही.

रूळवेडा
काका, तोच तर फरक आहे. केडीत कुलूप नसतं. नकलला फक्त एक बारीक स्प्रिंग मिटवून धरते. गाडी ताणात असली की दोन नकल एकमेकांत घट्ट अडकतात. ताण गेला की भरवसा फक्त स्प्रिंगचा. उंची मोजलीस का? कपलिंगचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमी हवा. एखादं खाली झुकलं असेल तर उताराच्या तोंडाशी दुसऱ्याखालून निसटतं.

दालबाजार
उंची वगैरे राहू दे, तेल घाल.

रूळवेडा
तेल अजिबात नको! आपल्याकडची धूळ त्यावर बसते, कपलिंग मध्यावर परत येत नाही. कोरडी ग्रॅफाइट पूड घालायची.

लष्करवाला
शिलाई मशीनचं तेल कालच घातलं. पण तुटतंय आठवडाभर.

पोलादी_गोळी
केडी काढून सार्जंट कंपनीची कपलिंग बसव. आत पोलादी गोळी असते, तीच कुलूप. वरून चुंबकाची कांडी धरली की गोळी उचलते आणि नकल मोकळं. अगदी खऱ्यासारखं. मी सगळे डबे बदलले.

रूळवेडा
केडीशी जुळत नाही ते. म्हणजे बाराच्या बारा डबे आणि इंजिनही बदलायचं, चार दिवसांत? भलता सल्ला नको.

दालबाजार
मग तारेच्या आकड्याने कायमचे जोडून टाक. आराशीत शंटिंग कोण बघतंय?

लष्करवाला
सगळं त्यासाठीच चाललंय! बाप्पासमोर मोदकांचा डबा आपोआप सुटून उभा राहायला हवा. म्हणूनच तिथे चुंबक बसवलंय.

रूळवेडा
चुंबक?? हे आत्ता सांगतोस? रुळांच्या मधलं, कायमचं?

लष्करवाला
हो, ते असतंच ना. त्याशिवाय डबा सुटणार कसा?

रूळवेडा
अरे, तुटण्याचं कारणच ते. कपलिंगखाली लोंबणारा पोलादी पिन ब्रेकच्या नळीसारखा दिसतो, पण डबा सोडायचं काम त्याचंच. चुंबकावर आला की समोरासमोरचे दोन पिन विरुद्ध बाजूंना ओढले जातात आणि नकल उघडतात. ताण असला तर उघडत नाहीत. तुझी गाडी उतारावरून येते, मागचे डबे इंजिनावर रेलतात, कपलिंग सैल होतात. सैल जोडी चुंबकावर आली की सुटली.

सिंधियाकालीन
असलं चुंबकी कपलिंग नव्हतं त्या काळातली आमच्या ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातली चांदीची गाडी बघा. जेवणाच्या टेबलावर फिरायची, पाहुण्याने सुरई उचलली की थांबायची. आणि आमची नॅरोगेज, अवघ्या ६१० मिमीची, श्योपूरला जायची. २०२० पासून बंद. माझ्या आजोबांच्या पेटीत तिची तिकिटं आहेत.

निवृत्त_गार्ड
त्या गाडीत मी ऐन मे महिन्यात प्रवास केलाय. धूळ डोळ्यांत, पण मजा यायची.

लष्करवाला
कृपा करून धाग्यावर या. मोदकांचा डबा सुटायलाच हवा. चुंबक काढू की ठेवू?

रूळवेडा
ठेव, पण उताराखाली नको. उतार संपल्यावर सपाट रूळ लागतो, तिथे सरकव, निदान दोन गाडीलांब्या पुढे. शेवटच्या डब्याच्या आसाला स्पंजचा छोटा तुकडा हलका घासेल असा चिकटव, म्हणजे गाडी ताणात राहील. डबा सोडायचा असेल तेव्हा थांब, जरा मागे ढकल, ताण गेला की पिन उघडतील. मग पुढे जा. आणि डब्यांचे आस पोलादी असतील तर चुंबक डब्यालाच ओढेल, तेही बघ. तेल आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन काढ, पूर्ण वाळू दे, मगच ग्रॅफाइट.

लष्करवाला
चुंबक सरकवलं, स्पंज लावला. वीस फेऱ्या झाल्या, एकदाही तुटली नाही. मोदकांचा डबा पंधरा वेळा बरोबर सुटला. पाच वेळा सुटला नाही, पिन वाकडा दिसतोय. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुणाकडे केडीचं उंचीमापक आहे का? आज संध्याकाळी येऊन घेतो.

पोलादी_गोळी
माझ्याकडे पडून आहे, जुनं. नंबर व्यनित (खाजगी निरोपात) पाठव. पिन वाकवायचा चिमटाही देतो.