या आठवड्यात काय बघायचं, ते ठरवणारे तुम्ही कोण?

शहापूरकर
काल एका भाऊंनी यादी टाकली: "या आठवड्यात सीमाभागातल्या मराठी घरांनी बघावेत असे नवे भाग." 'लक्ष्मी निवास', 'हास्यजत्रा', वगैरे. इथपर्यंत ठीक. पण खाली शेपूट जोडलंय: "कन्नड मालिका लावणाऱ्यांनी आपण कुणाच्या पंगतीला बसलोय ते ओळखावं."

रात्रीच उत्तर लिहिलं होतं, पुसलं. आता चहा घेऊन परत लिहितोय.

भाऊ, तुमच्या यादीतलं पहिलंच नाव कन्नड आहे! 'लक्ष्मी निवास' झी कन्नडवर २०२४ च्या जानेवारीत आली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीच गोष्ट झी मराठीवर. त्याआधी आपली 'तुला पाहते रे' तिकडं 'जोते जोतेयली' होऊन गेली होती. आमच्या गल्लीत भाजीची वाटी कधी रिकामी परत जात नाही, तसं चाललंय या दोघांचं.

आता माझ्या आईचं सांगतो. वडील गेल्यावर तिनं बेळगावच्या वडगावात मागावर कांड्या भरून आम्हा तिघांना वाढवलं. कन्नड तिला बाजारापुरतं. पण 'पुट्टक्कन मक्कळु' लागली की भाकरी तव्यावर करपायची. तीन मुलीच झाल्या म्हणून नवऱ्यानं टाकलेली बाई खानावळ चालवून पोरींना वाढवते, अशी गोष्ट, आणि उमाश्रीचं काम. आई पदर तोंडाला लावून बसायची. तिला आता कुठल्या पंगतीतून उठवायचं ते तुम्हीच सांगा.

येळ्ळूरचा वाघ
यादी मीच टाकली होती. शेपूटही माझंच. मागं घेत नाही.

२०१४ ला आमच्या गावच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक उतरवला तेव्हा मी अकरावीत होतो. तुमच्या गल्लीत वाटीची देवाणघेवाण होत असेल, आमच्याकडं आठवणी वेगळ्या आहेत. रेशनचा फॉर्म कन्नड, बसची पाटी कन्नड, लाईट बिल कन्नड. माझी पुतणी 'शिवाजी महाराजांनी' म्हणताना अडखळते. दिवसातला एक तास घरात मराठी ऐकू येऊ दे म्हटलं तर कुणाच्या पोटात का दुखावं?

आणि 'जोते जोतेयली'चं कौतुक तर सांगूच नका. मराठीत ती वर्षभरात संपली. तिकडं २०१९ ते २०२३ ओढली. मध्ये नायकसुद्धा बदलला!

केबलवाला पोरगा
दोघं बी थांबा. मी बॉक्स बसवतो, शिव्या मला बसतात.

२०१९ ला नवा दर आला. १०० चॅनेलला १३० रुपये, जीएसटी धरून १५३. पुढच्या वर्षी त्यात २०० चॅनेल झाले, पण तुम्हाला पायजे त्या मालिका सगळ्या पे चॅनेलवर. मराठीचा पॅक वेगळा, कन्नडचा वेगळा. घरात आज्जी मराठी, सून कन्नड शाळेत शिकलेली, पोराला क्रिकेट. दोन्ही पॅक घातले की महिन्याच्या शेवटाला "तू लुटुलालायस बे" म्हणून मलाच ऐकायला लागतंय. भाऊंची यादी चांगली हाय, तेच्याखाली पैसे कोण भरणार तेवढं बी लिवा.

हिंदवाडीची सून
माझं माहेर साताऱ्याचं, त्यामुळे तुमच्या या भांडणात मला मत नाही. मला दोन्हीकडचं सारखंच दिसतं. मराठीत सासू जिन्यावर तेल ओतते, कन्नडमध्येही ओतते. तेल तेवढं महाग झालंय. मी आपली 'सीआयडी' परत सुरू झाल्यापासून तेच बघते. दार तोडतात, खुनी सापडतो, झोप लागते.

पण वाघभाऊ, तुम्ही म्हणता मराठी कानावर पडू दे. कुठलं मराठी? मालिकेतलं मराठी तुमच्या येळ्ळुरात कोण बोलतं? लग्न होऊन आले तेव्हा नवरा फोनवर म्हणाला, "जेवूलालोय, मागनं करतो." मला वाटलं जेवताना ठसका लागला. खरं सांगते, बेळगावचं मराठी टीव्हीवर आणलं तर लोक सबटायटल मागतील.

पुण्यात अडकलेला
वहिनी, हे जरा जास्त झालं.

मी कॉलेजात असताना इथं एका मालिकेच्या ऑडिशनला गेलो होतो. नाव घेत नाही. संवाद म्हटला. समोरचे म्हणाले, उच्चार शुद्ध करून या. निघालो तर मागनं हाक, "थांबा, वॉचमनचा एक सीन आहे, त्यात तुमचं ते तसंच बोला." 'तुमचं ते'! आमच्या आज्ज्याची भाषा म्हणजे 'ते'. बेळगावचा माणूस पडद्यावर आला की एकतर वॉचमन, नाहीतर लोकांनी हसायचं. तुम्हीही तेच केलंत.

हिंदवाडीची सून
मी काही हसले नव्हते. फक्त कळलं नव्हतं म्हटलं. आता बोलायचंही नाही का?

येळ्ळूरचा वाघ
आता कसं झोंबलं! आणि कोल्हापूरवाल्यांचं काय? 'तुझ्यात जीव रंगला' वसगड्यात शूट झाली, एका 'चालतंय की'वर २०१६ ते २०२१ काढली. सगळा महाराष्ट्र 'चालतंय की' करत होता. आमच्या 'करुलालोय'नं काय घोडं मारलंय?

शहापूरकर
तेच तर! 'बिग बॉस'मध्ये २०२४ ला सूरज चव्हाण आपल्या बारामतीकडच्या बोलीत बोलूनच जिंकला ना? कुणी सबटायटल मागितली?

पुण्यात अडकलेला
जिंकला, पण निम्मी मतं कीव म्हणून पडली. इथल्या ऑफिसात त्याची नक्कल करून हसणारे मी रोज बघतो. बोलीला मान मिळणं वेगळं आणि बोलीची गंमत वाटणं वेगळं.

निपाणीचा निवृत्त मास्तर
वाद वाचतो आहे. दोन गोष्टी सांगतो, मग भांडा.

एक. 'करुलालाय' अशुद्ध नाही. 'करू लागलाय' भरभर म्हणा, काय होतं बघा. धारवाडकडचा कन्नड माणूस 'माडलिक्क हत्त्यान' म्हणतो, त्यातला 'हत्तु' म्हणजे आपलं 'लाग'च. ज्या बोलीची वाघांना अस्मिता आहे, तिच्या क्रियापदात कन्नड शेजारी बसलाय. राग मानू नका.

दोन. मालिका डब न होता नव्यानं का काढतात, तेही ऐका. कन्नड सिनेमावाल्यांनी कित्येक दशकं डबिंगला विरोध केला. २०१५ ला स्पर्धा आयोगानं त्याविरुद्ध निकाल दिला, तरी सवय एकदम मोडत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये डब केलेलं महाभारत कन्नडमध्ये आलं, तेव्हा कुठं बांध फुटला.

माझी स्वतःची शिफारस विचाराल, तर दूरदर्शनच्या कन्नड 'चंदना' वाहिनीवरचं 'थट्ट अंत हेळि'. २००२ पासूनची प्रश्नमंजूषा, चालवणारे डॉ. ना. सोमेश्वर, बक्षीस काय तर पुस्तक. फ्रिज नाही, गाडी नाही, पुस्तक! निवृत्त झाल्यावर मी कन्नड वाचायला शिकलो ते त्यापायी. पडद्यावर प्रश्न यायचा, अक्षरं जुळवेपर्यंत उत्तर होऊन जायचं. सहा महिन्यांनी एकदा सोमेश्वरांच्या आधी उत्तर दिलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

येळ्ळूरचा वाघ
मास्तर, तुमचा मान ठेवून विचारतो. चाळीस वर्षं मराठी शिकवून शेवटी हेच?

निपाणीचा निवृत्त मास्तर
सदतीस. आणि मराठी शिकवताना शेजाऱ्याची भाषा वाचू नका असं एकदाही शिकवलं नाही. शाळा वाचवायची तर पटसंख्या बघा, रिमोट नव्हे. तुमची पुतणी अडखळते म्हणता, तिला रोज एक पान मोठ्यानं वाचायला बसवलं का? की 'लक्ष्मी निवास' लावून काम झालं?

येळ्ळूरचा वाघ
…

बसवीन.

शहापूरकर, तुमच्या आईंबद्दल मी काही म्हटलं नव्हतं. आईंचं वेगळं. बघू देत त्यांना. पण यादी माझी तीच राहणार, कन्नड नाव त्यात घालणार नाही. 'लक्ष्मी निवास' मराठीत आली म्हणजे मराठीच.

शहापूरकर
व्वा. म्हणजे आमची वाटी परत आली तर ती तुमची. चला, आईंना सूट मिळाली, गल्लीत पेढे वाटतो.

केबलवाला पोरगा
पेढे नको, कुंदा आणा. आणि मास्तर, चंदना फ्री हाय. एक रुपया जादा लागत नाही. सगळ्या भांडणात माझ्या कामाचं एवढंच निघालं.

पुण्यात अडकलेला
वहिनी, मघाशी आवाज चढला. पण सबटायटलचं मागं घ्या.

हिंदवाडीची सून
घेतलं. निम्मं. बाकीचं उद्या, आता नवरा पोळ्या कधी म्हणून विचारुलालाय.

शहापूरकर
वहिनी?

येळ्ळूरचा वाघ
वहिनी!!

हिंदवाडीची सून
टायपो आहे.