'फिस्कल इफेक्ट'ला मराठीत काय म्हणावं?

ओसरी
कॅलिफोर्नियात मतदार काही राज्यव्यापी प्रस्तावांवर थेट मत देतात. तिथल्या मराठी मतदारांसाठी या प्रस्तावांची माहिती मराठीत करायची आहे. प्रत्येक प्रस्तावाखाली 'फिस्कल इफेक्ट', म्हणजे सरकारच्या पैशांवर काय फरक पडेल, असा मजकूर असतो. 'आर्थिक परिणाम' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी 'राजकोषीय परिणाम' केलं. कोणतं ठेवावं?

शब्दवेध
राजकोषीयच. 'राजकोषीय तूट' वर्तमानपत्रांत रोज छापून येते, वाचकाला शब्द नवा नाही. 'आर्थिक' हा 'इकॉनॉमिक'साठी राखून ठेवावा.

रानजाई
'कोष' म्हटलं की मराठी माणसाला आधी शब्दकोश नाहीतर रेशमाचा किडा आठवतो. आपल्या शासन निर्णयांत 'वित्तीय भार' असतं, ते सरळ कळतं. 'सरकारी तिजोरीवरचा भार' लिहा.

खतावणी
'भार' एकतर्फी आहे. 2014 च्या प्रस्ताव 47 मध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या शिक्षा कमी झाल्या, तिथे राज्याची बचत दाखवली होती. बचतीला भार कसं म्हणणार? पण 'आर्थिक'ही चालणार नाही. तो मजकूर सरकारी खात्यांपुरता असतो. घरभाडं वाढेल का, धंदे बाहेर जातील का, हे त्यात आलंच तर करउत्पन्न हलत असेल तेवढ्यापुरतं. विधिमंडळाचं विश्लेषक कार्यालय ते लिहितं. सह्या गोळा करण्याआधीचा अंदाज हे कार्यालय आणि राज्याचा वित्त विभाग मिळून देतात, मतदार पुस्तिकेतलं विश्लेषण एकट्या कार्यालयाचं. म्हणून माझं मत 'सरकारी जमाखर्चावरील परिणाम'.

शब्दवेध
मतपत्रिकेवर इंग्रजी मजकुराला 75 शब्दांची मर्यादा असते आणि जमाखर्चाचा गोषवारा त्यातच बसवतात. तिथे तीन-चार शब्दांचं शीर्षक परवडत नाही. पारिभाषिक संज्ञा आटोपशीर हवी.

पैपैसा
शीर्षकापेक्षा आकडे जास्त घात करतात. 'टेन्स ऑफ मिलियन्स'चं 'कोट्यवधी' होतं, ते ठीक. पण 'लो हंड्रेड्स ऑफ मिलियन्स'चं 'अब्जावधी' केलेलं पाहिलंय, ते साफ चूक. दहा लाखांचा एक मिलियन, म्हणजे शंभर मिलियन हे दहा कोटी. 'लो हंड्रेड्स' म्हणजे साधारण दहा ते तीस कोटी डॉलर. अब्ज गाठायला शंभर कोटी लागतात. 2024 च्या प्रस्ताव 36 ला राज्याचा वाढीव खर्च याच दोन पट्ट्यांच्या दरम्यान सांगितला होता. 'अब्जावधी' लिहिलं तर मतदाराला कितीतरी पट फुगवलेला आकडा मिळतो.

रानजाई
मग 'दशलक्ष' लिहा ना. शुद्ध शब्द आहे आणि शून्यं मोजावी लागत नाहीत.

पैपैसा
'दशलक्ष' वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर रक्कम उभी राहते? कोटीच लिहावं, फक्त प्रत्येक ठिकाणी 'डॉलर' जोडून, नाहीतर रुपये वाटतात. आणि 'दरवर्षी' गाळू नये. 2024 चा प्रस्ताव 2 शाळांच्या बांधकामासाठी 1000 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांचा होता. परतफेड दरवर्षी सुमारे 50 कोटी, 35 वर्षं. गुणाकार केला तर 1750 कोटी. अनुवादात 'दरवर्षी' सुटलं की हजार कोटींच्या कर्जाला 50 कोटींचा खर्च उरतो आणि प्रस्ताव फुकटात पडल्यासारखा दिसतो.

खतावणी
'लोकल गव्हर्नमेंट्स'चं काय करता? 'स्थानिक स्वराज्य संस्था' म्हटलं की आपल्याला महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत दिसते. तिथे शाळांचे स्वतंत्र जिल्हे असतात, त्यांची मंडळं निवडून येतात आणि घरपट्टीत त्यांचा वाटा असतो. घरपट्टी घटली की शाळांची तूट बरीचशी राज्याला भरून द्यावी लागते, कारण 1988 च्या प्रस्ताव 98 ने शाळांना किमान निधीची हमी दिली आहे. म्हणजे एका रकान्यातला 'उत्पन्नातील घट' दुसऱ्या रकान्यात 'राज्याचा खर्च' होऊन येतो. दोन्ही ठिकाणी 'आर्थिक भार' लिहिलं तर हा प्रवास दिसतच नाही.

ओसरी
'घरपट्टी' चालेल? मी 'मालमत्ता कर' केलंय.

खतावणी
दुकानं, कारखानेही त्यात येतात, तेव्हा 'मालमत्ता कर' बरोबर. 1978 च्या प्रस्ताव 13 ने तो मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला. मूल्य 1975-76 चं, वाढ वर्षाला फार तर दोन टक्के, आणि फेरआकारणी मालकी बदलली किंवा नवं बांधकाम झालं तरच. मुंबईत 2010 पर्यंत 'करपात्र मूल्य' गोठलेल्या भाड्यावर ठरायचं, मग 'भांडवली मूल्य' आलं. म्हणून 'असेस्ड व्हॅल्यू'ला 'करपात्र मूल्य' लिहिलं तर मुंबईकर भाड्याचा हिशेब समजेल. 'आकारणी मूल्य' लिहा.

शब्दवेध
'एस्टिमेट'लाही सगळीकडे 'अंदाज' नको. कॅलिफोर्नियात तो माहितीपुरता. कोलोरॅडोत 1992 च्या घटनादुरुस्तीनंतर करवाढीच्या प्रश्नाची सुरुवातच पहिल्या पूर्ण वर्षाच्या रकमेने होते आणि पुस्तिकेतला आकडा ओलांडला की परतावा द्यावा लागतो. 2013 साली मंजूर झालेल्या गांजावरील करांच्या बाबतीत हेच झालं. सुमारे 6 कोटी 60 लाख डॉलर राज्याकडे ठेवायला 2015 मध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं. तिथे 'घोषित रक्कम' हवं.

रानजाई
मुळात 'प्रस्ताव' तरी कशाला? गोव्यात 16 जानेवारी 1967 चा 'जनमत कौल' झालाय. शब्द तयार आहे. देवाला कौल लावतात, हो की नाही विचारतात, तसंच हे.

शब्दवेध
'कौल' अरबी, अर्थ दिलेला शब्द, वचन. जुन्या कागदांतला कौलनामा सरकार रयतेला द्यायचं, पडीक जमीन लागवडीला आणा, सारा इतका माफ. इथे दिशा उलटी आहे. 'सार्वमत' घ्या.

खतावणी
'सार्वमत' विधिमंडळाने केलेला कायदा मतदारांपुढे येतो त्यासाठी लागेल. त्यात 2023 पर्यंत 'हो' म्हणजे कायदा राहू द्या असं होतं, आता 'कायदा ठेवा' की 'रद्द करा' असंच विचारतात. सह्यांनी आलेला प्रस्ताव वेगळा, कायद्यासाठी गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या 5 टक्के सह्या, घटनादुरुस्तीला 8 टक्के. दोन्हींना एकच शब्द दिला तर मताचा अर्थच चुकेल.

रानजाई
अर्थ चुकू नये म्हणून खाली एक ओळ लिहा. कौल अरबी असला तरी कोकणात त्याला कोणी परका म्हणत नाही.