हिरानी म्हणजे सिनेमातले वपु काळे?

ओट्यावरचा

परवा माळा आवरताना वपुंच्या कथाकथनाची एक कॅसेट सापडली. वाजवायला टेपरेकॉर्डर कुठला, म्हणून यूट्यूबवर वपु ऐकत बसलो. वपु वाक्य टाकतात आणि थांबतात. हशा पिकतो, ओसरतो, मग पुढचं वाक्य. हा थांबा कथेतच लिहिलेला असतो. पुस्तकात तीच कथा वाचली तरी तो जाणवतो, फक्त हसणारं सभागृह नसतं.

दुसऱ्याच दिवशी टीव्हीवर राजकुमार हिरानीचा 'लगे रहो मुन्नाभाई' लागला होता. पेन्शनसाठी लाच मागणाऱ्या बाबूसमोर तो म्हातारा अंगावरची एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवतो, कपड्यांसकट. प्रत्येक वस्तूनंतर थांबा. तेवढ्यात थिएटर हसतं, मग एकदम गप्प होतं. म्हटलं, अरे, हे तर वपु!

'पार्टनर' आठवा. चाकोरीतल्या, घाबरट माणसाच्या आयुष्यात एक विक्षिप्त पण सज्जन इसम येतो, दोन-चार वाक्यं बोलतो आणि याचं सगळं हलवून जातो. मुन्ना, रँचो, पीके यांनी दुसरं काय केलं? वर घरी न्यायला एक वाक्य मिळतंच. तिकडे 'वपुर्झा' कुठल्याही पानावर उघडा, इकडे 'जादू की झप्पी' आणि 'ऑल इज वेल'. वपु २००१ साली गेले आणि 'मुन्नाभाई एमबीबीएस' २००३ साली आला. मध्ये फार दिवस गादी रिकामी राहिली नाही, असं माझं मत.

मी हे कौतुकानं म्हणतोय. (नव्वद टक्के.)

तिसरी_घंटा

तुलनेचा पायाच कच्चा आहे. वपु माईकसमोर एकटे उभे राहायचे. वाक्य त्यांचं, थांबा त्यांचा, पडली कथा तर पडणारेही तेच. हिरानीच्या वाक्याखाली सही कुणाची? 'लगे रहो'पासून अभिजात जोशी सोबत आहेत. 'थ्री इडियट्स'मागे चेतन भगतची कादंबरी आहे, आणि तिचं श्रेय पडद्यावर कुठे नि केवढ्या अक्षरांत दिलं यावरून २००९-१० मध्ये केवढा गदारोळ झाला होता. दिग्दर्शकाला लेखकाच्या पाटावर बसवायचं तर आधी पाटावर नक्की कोण बसलंय ते बघा.

हिरानीचं कसब वेगळं आहे. गडी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकला, 'मिशन कश्मीर'चं संकलन त्याचं. 'थ्री इडियट्स'मधलं राजू रस्तोगीचं घर आठवा. रंग जातात, सगळं पन्नाशीतल्या रडक्या सिनेमासारखं काळंपांढरं होतं. आई ज्या लाटण्यानं बापाच्या छातीवरची खाज खाजवते त्याच लाटण्यानं पोळी लाटते, आणि पाहुण्यांच्या तोंडातला घास तोंडातच राहतो. यात टाळीचं वाक्य कुठाय? हा विनोद जोडणीतला आहे. वपु जन्मात हे करू शकले नसते, कारण त्यांना ते बोलून दाखवावं लागलं असतं.

ओट्यावरचा

लाटणं मान्य. पण कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं कापायचं आणि कुठे थांबायचं हे जो ठरवतो त्यालाच मी लेखक म्हणतो. जोशींचा वाटा आहेच, नाकारतोय कोण.

काजळी

वपु वाचायचं एक वय असतं. ते उलटून गेल्यावरही जे वाचतात ते 'शुभ सकाळ'चे फोटो पाठवतात. त्यामुळे तुलना अचूक आहे, पण धागाकर्त्याला वाटतं तसं यात कौतुक काही नाही.

दोघांचीही खोड एकच. प्रश्न उभा करायचा आणि त्याच पानावर उत्तर देऊन टाकायचं, वाचकाला रात्रभर तळमळायला काही ठेवायचंच नाही. जीएंची (जी. ए. कुलकर्णींची) कथा वाचून कुणी हलकं होऊन उठल्याचं ऐकलंय? 'थ्री इडियट्स' तर सरळ सरळ लबाड आहे. अडीच तास सांगायचं की यशामागे धावू नका, आणि शेवटी नायक कोण निघतो? चारशे पेटंटांचा धनी, ज्याच्या सहीसाठी त्याचा जुना वर्गमित्र चतुर तडफडतोय. रँचो लडाखच्या त्या शाळेत नुसता मास्तर निघाला असता तर? चतुर जिंकला असता आणि थिएटर उदास होऊन बाहेर पडलं असतं. ते परवडत नाही, म्हणून पेटंटं. आणि जॉय लोबो? भिंतीवर 'आय क्विट' लिहून पोरगा फास लावून घेतो, पुढे सिनेमाला त्याची आठवण कितीशी राहते?

पोट्टा_नागपूरकर

काजळीभाऊ, तुम्ही जीए वाचता म्हणून आम्ही थिएटरात हसायचंबी नाही का? हिरानी आमच्या नागपूरचा. बापाची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती इथं. नोकरीच्या आशेनं बोटं बडवणारी पोरं त्यानं लहानपणापासून पाहिली असतील. थ्री इडियट्समधला अब्बा फोटोग्राफीचं ऐकून घेते अन् मग पोराला जवळ करते, तो सीन माझ्या बाबांनी माझ्या बाजूला बसून पाह्यला. बोलले काहीच नाहीत. घरी येऊन फक्त विचारलं, 'तुले काय करायचं होतं रे?' माझ्या इंजिनिअरिंगचं तवा तिसरं वर्ष चालू होतं! जीएंच्या कथेनं हे केलं असतं का, सांगा.

मावळतीकर

धाग्याचा काश्मीर होण्याआधी एक जुनं नाव सुचवतो. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे सवय जात नाही. वपु नव्हे हो, साने गुरुजी! पाय मळू नयेत म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हे श्यामची आई सांगते. हे काय 'घरी नेण्याचं वाक्य' नाही? विद्वानांनी त्या पुस्तकाला रडकं म्हणून घेतलं आणि घराघरानं ते वाचलं. अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. माणूस मुळात चांगला असतो, त्याला नीट सांगितलं की ऐकतो, ही गुरुजींची श्रद्धा. गांधीगिरी म्हणजे तरी दुसरं काय? वपुंच्या चांगुलपणाला एक शहरी चतुराई आहे. हिरानीचा चांगुलपणा बावळट आहे, आणि हे मी स्तुती म्हणून लिहितोय.

रिकामं_बाकडं

सर, दंडवत, पण असहमत. गुरुजींनी ते तुरुंगात बसून लिहिलं. श्रद्धेची किंमत मोजलेली होती.

मला या चर्चेत पुलं कसे आले नाहीत याचंच नवल वाटतंय. हिरानीला लोक पुलंच्या जवळचा म्हणतात, आणि तिथेच फरक उघडा पडतो. अंतू बर्वा घ्या. रत्नांग्रीत वीज येऊन दिसणार काय तर दारिद्र्यच, म्हणणारा माणूस. तो शेवटपर्यंत सुधारत नाही. त्याला कुणी मिठी मारत नाही, कुणी समजावत नाही. पुलं त्याच्या शेजारी बसतात, ऐकतात आणि त्याच्या तिरकस बोलण्याखालचं दुःख आपल्याला क्षणभर दिसू देतात, बस. हिरानीच्या हाती अंतू लागला असता तर मध्यंतरापर्यंत आळीतल्या पोरांना पेढे वाटत सुटला असता. (ह. घ्या.)

हिरानीच्या सिनेमात दोनच जातीची माणसं असतात, सुधारलेली आणि सुधारायची राहिलेली. 'मुन्नाभाई'तला अस्थाना सुधारतो, 'थ्री इडियट्स'चा प्राचार्य व्हायरस सुधारतो, 'लगे रहो'तला लकी सिंग सुधारतो. व्हायरस दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितो, केवढी मस्त वल्ली होती ती! त्याला वळणावर आणून वाया घालवलं.

काजळी

+१. आणि 'संजू'बद्दल सगळे गप्प का?

ओट्यावरचा

गप्प नाही, तिथं माझी गाडी अडते म्हणून टाळत होतो. कौतुकातून राखून ठेवलेले दहा टक्के तिथलेच.

वपुंचे नायक कारकून, शेजारी, नवरे. त्यांच्या बाजूनं लिहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. मुन्ना काल्पनिक गुंड, त्यालाही माफ. पण 'संजू'त तोच थांबा, तोच गहिवर, तोच समजूतदार बाप एका खऱ्या माणसासाठी, संजय दत्तसाठी वापरलाय, ज्याच्यावर खरा खटला चालला आणि ज्याला खरी शिक्षा झाली. मग ते वकीलपत्र होतं. सगळा दोष वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवर टाकून आपण डोळे पुसत बाहेर पडतो. मीही पुसले होते, २०१८ साली. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला.

तिसरी_घंटा, तुमचा मुद्दा आता जास्त पटतोय. वपुंना ऐकताना समोर एक माणूस बोलतोय हे सतत दिसत असतं, पटलं नाही तर मनात भांडता येतं. सिनेमात भांडायला समोर कुणी नसतं, पार्श्वसंगीत आधीच सुरू झालेलं असतं.

तिसरी_घंटा

हिरानीचा 'डंकी' बघितलात? थांबे तेच होते, थिएटर मात्र हसलं नाही. निदान आमच्या खेळाला तरी.

अनामिका_ठाणे

इतका वेळ नुसती वाचत होते. एक अनुभव सांगते.

गेल्या वर्षी बाबा अकरा दिवस दवाखान्यात होते. रोज सकाळी सहाला एक मावशी फरशी पुसायला यायच्या. मला मुन्नाभाईतला तो सीन आठवायचा, ओल्या फरशीवरून लोक जातात म्हणून चिडलेला सफाईवाला आणि मुन्ना त्याला मिठी मारतो तो. मिठी मारायची काही हिंमत नव्हती. चौथ्या दिवशी धीर करून म्हटलं, 'मावशी, तुम्ही रोज एवढं स्वच्छ करता, थँक्यू हं.' त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, 'असू दे. आधी पाय वर घे.'

रिकामं_बाकडं

हा प्रसंग पुलंचा.

मावळतीकर

ताई, बाबा बरे आहेत ना आता?

अनामिका_ठाणे

हो सर, ठणठणीत. तेच मला 'पार्टनर' वाच म्हणून मागे लागलेत.