अनुदान देणाऱ्या फाउंडेशनला संवाद विभाग हवाच कशाला?

पाटपाणी

मागच्या महिन्यात एका बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या पगारात किती अंगणवाड्यांना वजनकाटे आले असते?" तिथे मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते.

अकरा वर्षं मी एका दैनिकात उपसंपादक होते. गेली सहा वर्षं मुंबईतल्या एका अनुदान देणाऱ्या फाउंडेशनमध्ये आहे. पदाचं नाव स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन्स. वार्षिक अहवाल, वेबसाइट, फिल्म, विश्वस्तांची भाषणं, कार्यक्रमाचा बॅनर, सगळं माझ्याकडे येतं. माझं ठाम मत आहे की हे पद असायलाच हवं, पण आज त्याच्याकडून जे करून घेतात त्यासाठी नाही.

पैसे देणाऱ्याचा सगळ्यात महत्त्वाचा संवाद मागणाऱ्याशी होतो. प्रस्ताव कोणत्या भाषेत मागवले, नकाराच्या पत्रात कारण लिहिलं की नुसतंच 'आपला प्रस्ताव आमच्या सध्याच्या प्राधान्यक्रमात बसत नाही', हे कोण ठरवतं? बहुतेक ठिकाणी कुणीच ठरवत नाही. जुनी फाइल उघडून तारीख बदलतात.

आमचा अर्ज दोन वर्षांपूर्वीपर्यंत फक्त इंग्रजीत होता. त्यात 'थिअरी ऑफ चेंज' नावाची एक चौकट होती. लहान संस्था ती कन्सल्टंटला पैसे देऊन भरून घ्यायच्या, त्यामुळे सगळे प्रस्ताव एकाच हातचे वाटायचे. आठ महिने मागे लागून मी तो अर्ज मराठीत करून घेतला. त्या चौकटीच्या जागी एक प्रश्न आला: 'हे केल्याने काय बदलेल, आणि तसं तुम्हाला का वाटतं?'

पहिल्याच फेरीत नंदुरबार जिल्ह्यातून वहीच्या दीड पानावर हाताने लिहिलेला प्रस्ताव आला, मोबाइलवर फोटो काढून पाठवलेला. त्यात एक वाक्य होतं: 'एप्रिल-मे मध्ये बायकांची बैठक धरलेली नाही, कारण मार्चमध्ये विहीर आटते आणि त्या पाण्यावर असतात.' सहा वर्षांत मी वाचलेला सगळ्यात चांगला प्रस्ताव तो. असं वाक्य मुंबईत बसून कुणाला लिहिता आलं नसतं.

अनुदान कुणाला द्यायचं हे जिथे ठरतं त्या खोलीत संवादवाल्या माणसाला जागा हवी. सगळं ठरल्यावर फोटोपुरतं बोलावणार असाल तर त्या कार्यकर्त्यांचा प्रश्न बरोबर आहे.

ताळेबंद

ताई, तळमळ पोचली. मुद्दा पटला नाही.

मी सीए आहे, नाशिकला. लहान न्यासांचे हिशेब बघतो. गेल्या काही वर्षांत त्यांच्यावर काय काय आलंय ते बघा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन पुढे लहानांना वाटायचा, तेही बंद झालं. १ एप्रिल २०२३ पासून एका ट्रस्टने दुसऱ्याला देणगी दिली तर करसवलतीसाठी त्यातले ८५ टक्केच खर्च म्हणून धरतात. सीएसआरमधली, म्हणजे कंपन्यांना समाजकामावर करावा लागतो त्या खर्चातली, ५ टक्क्यांची मर्यादा खरं तर कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, पण कितीतरी कंपन्या तीच पट्टी संस्थेलाही लावतात. मग संस्थेने अकाउंटंट ठेवायचा कशातून? माझ्याकडच्या एका न्यासाची सचिव स्वतः रात्री व्हाउचर चिकटवत बसते. आणि तिलाच देणाऱ्याकडून आठ रंगांचा चकचकीत अहवाल येतो.

अर्ज मराठीत करणं हा साधा सभ्यपणा झाला, त्याला विभाग लागत नाही. पु. ल. आणि सुनीताबाईंनी १९८६ साली पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू व्हावं म्हणून एक लाख रुपये दिले. त्यांच्या प्रतिष्ठानात कोण होतं कम्युनिकेशन्सला? आपल्याकडे देण्याची रीत अशी आहे की दिलं आणि बाजूला झालं.

रानजाई

ताळेबंद, मुक्तांगणचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. पुलंना पुण्यातली पोरं ब्राउन शुगरला लागलीत हे कळलं कसं? अनिल अवचटांचे वर्तमानपत्रातले लेख वाचून. ते अस्वस्थ झाले, मग पैसे दिले. आधी कुणीतरी नीट, माणसाला भिडेल असं लिहिलं होतं.

ताळेबंद

लिहिलं अवचटांनी. त्यांच्या पत्नी सुनंदाताई मानसोपचारतज्ज्ञ, पुढे केंद्र त्यांनी उभं केलं. लिहिणारा आणि काम करणारा एकाच घरातला. देणाऱ्याने एक ओळ लिहिली नाही. मी तेच म्हणतोय. शब्द काम करणाऱ्यांचे असू द्यात, देणाऱ्याने वाचावं.

सिपना

मी मेळघाटात काम करतो, धारणी तालुक्यात. हे वाचून गप्प बसवलं नाही.

आम्हाला एका मोठ्या फाउंडेशनचं अनुदान होतं, नाव घेत नाही. दर तिमाहीला आकडे पाठवायचे आणि सोबत दोन 'केस स्टोरी'. त्यात 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो सक्तीचे. एका पाड्यावरची सव्वा वर्षाची मुलगी होती. दंडाला पट्टी लावली तर लाल भागात, म्हणजे घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, तीव्र कुपोषण. आम्ही तिला ग्राम बाल विकास केंद्रात आणलं, तिथे कुपोषित मुलांना आहार आणि उपचार देतात. आई रोज कडेवर घेऊन यायची, येता-जाता तीन किलोमीटर. पोरगी सुधारत होती.

मुंबईहून फोटोग्राफर आला. त्याला 'आधी'चा फोटो हवा होता, तो आमच्याकडे नव्हता. म्हणून त्याने पोरीचं झबलं काढायला लावलं, बरगड्या दिसाव्यात म्हणून. आईने काढलं, कारण मी उभा होतो आणि तिला वाटलं मीच सांगतोय. संमतीपत्र मराठीत होतं. ती कोरकू बोलते. अंगठा घेतला.

तो फोटो त्यांच्या अहवालात छापून आला. तालुक्याला कुणीतरी मोबाइलवर दाखवला, पाड्यापर्यंत गेला. नवऱ्याने विचारलं, पोराला खायला घालत नाही असं जगाला सांगितलंस का? पुढचे तीन आठवडे ती केंद्रावर आली नाही. मी दोनदा घरी गेलो. दुसऱ्यांदा तिने दार उघडलं, पण माझ्याशी बोलली नाही. पोरगी वाचली, तब्येत बरी आहे. आई आजही माझ्याशी पहिल्यासारखी बोलत नाही, आणि दोष तिचा नाही.

तुम्ही म्हणता संवादवाल्याला खोलीत जागा द्या. आमच्याकडे जो संवादवाला आला तो थेट पाड्यावरच्या घरात शिरला होता.

आठवा मजला

मी एका कंपनीच्या सीएसआरमध्ये आहे. सिपनांनी सांगितलं ते भयंकर आहे, त्याचं समर्थन कुणीच करू नये. पण 'दिलं आणि बाजूला झालं' हे आता कायद्यातही बसत नाही.

१ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. २०२१ च्या नियमांनी प्रकल्पांची माहिती वेबसाइटवर टाकणं बंधनकारक केलं. ज्यांची सीएसआरची जबाबदारी १० कोटी किंवा जास्त आहे, त्यांना १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. आणि का करू नये? धर्मादाय संस्थांना करात सूट मिळते, म्हणजे त्यात लोकांचाही पैसा आहे. पैसा कुठे गेला हे लोकांना कळेल अशा भाषेत सांगायला माणूस लागतो. गुप्तदान व्यक्तीला शोभतं. शेकडो कोटींच्या संस्थेने गुप्त राहणं मला धोक्याचं वाटतं.

ताळेबंद

माहिती द्या ना. कुणाला किती दिले, कशासाठी, किती वर्षं. एक तक्ता पुरतो. तो तक्ता सहज सापडेल अशा वेबसाइट किती आहेत, सांगा. पहिल्या पानावर हसणारी मुलं असतात आणि अनुदानाची यादी शोधत बसावं लागतं.

पाटपाणी

सिपना, तुमचं दोनदा वाचलं. तो फोटोग्राफर आमचा नव्हता, पण असू शकला असता. माझ्या पहिल्या वर्षीच्या अहवालात 'आधी-नंतर' होतं आणि मथळे मी दिले होते. तेव्हा संमतीपत्राची फाइल पूर्ण आहे एवढंच मी पाहिलं. ती चूक माझी.

आता आमच्याकडे आजारी किंवा कुपोषित मुलाचा चेहरा छापत नाही. हा नियम करायला दीड वर्ष लागलं, कारण एका विश्वस्तांचं म्हणणं होतं की चेहऱ्याशिवाय लोकांचं मन हलत नाही. मन हलेलही, पण ज्या बाईच्या जिवावर ते हलवायचं तिला विचारायला हवं, तिच्या भाषेत, आणि 'नाही' म्हटल्यावर अनुदान थांबणार नाही हे तिला माहीत असताना.

ताळेबंद, शब्द काम करणाऱ्यांचे असावेत हे मला मान्य आहे. पण सगळ्याच संस्थांत लिहिणारं माणूस नसतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबवली. १९९९ साली त्यावरचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे ती पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात गेली. त्या कामाला मॅकआर्थर फाउंडेशनसारख्या देणगीदारांचा पैसा होता. महाराष्ट्रात त्या देणगीदाराचं नाव किती जणांना माहीत आहे? नसलं तरी काही बिघडलं नाही, पद्धत पोचली. पण डॉ. बंग दांपत्याला संशोधनही येत होतं आणि ते सरकारपुढे, लोकांपुढे मांडताही येत होतं. धारणीतल्या पाच माणसांच्या संस्थेला जे कळलंय ते जिल्हा परिषदेपर्यंत कोण नेणार? तिथे आमची लेखणी, आमच्या ओळखी, आमचं बजेट त्यांच्या हाताखाली यावं, असं मला वाटतं.

ताळेबंद

हाताखाली येईल असं म्हणता, पण जो पैसे देतो त्याला 'हे असं छापू नका' असं कोण सांगेल? माझे अशील मला सांगतात, तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. पुढच्या वर्षीचं नूतनीकरण डोळ्यांसमोर असतं. देणारा आणि लिहिणारा एकच झाला की संस्थेला गप्प बसावं लागतं. मला यातला दोष व्यक्तीत दिसत नाही, रचनेतच आहे.

रानजाई

हे मात्र खरं आहे. मी एका संस्थेत होते तेव्हा शिवणकामाचा प्रकल्प फसला. यंत्रं आली, पण गावात वीज दिवसा नसायची. हे अहवालात लिहावं की नाही यावर आम्ही एक आख्खी संध्याकाळ घालवली. शेवटी 'काही आव्हाने आली' असं लिहिलं. त्याच देणगीदाराने पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात तीच यंत्रं दिली.

सिपना

पाटपाणी ताई, तुम्ही चूक कबूल केली, बरं वाटलं. म्हणून एक विचारतो. तुम्ही आमचे देणगीदार नाही, त्यामुळे मला बोलायला सोपं जातंय.

माझ्याकडे फसलेल्या तीन गोष्टी लिहून तयार आहेत. एक परसबागांची, बियाणं पावसाच्या आधी पोचलं नाही. एक पोषण-शिबिरांची, ती आम्ही स्थलांतराच्या महिन्यात ठेवली आणि पाडे रिकामे होते. तिसरी त्या फोटोची. तुमच्या पुढच्या अहवालात छापाल का? आमच्या संस्थेच्या नावासह चालेल. त्या बाईचं नाव, पाड्याचं नाव नको.

पाटपाणी

पाठवा. तुम्ही लिहिलंय तसं, मी भाषेला हात लावणार नाही. डिसेंबरात विश्वस्तांची बैठक आहे, तिथे मांडते. छापलं जाईल असा शब्द आज देता येत नाही, तो माझ्या हातात नाही. नाही म्हणाले तर कारण काय दिलं ते याच धाग्यावर लिहीन. आणि तिसरी गोष्ट त्या ताईंना कोरकूत वाचून दाखवल्याशिवाय मी पुढे नेणार नाही. तुम्ही त्यांना विचारू शकाल, की दुसऱ्या कुणी जावं?

सिपना

मी नको. आमच्या आशाताई जातील. त्यांच्याशी ती बोलते.